हँडब्रेक ओढला की एकच चाक धरतंय, ड्रमवाल्यांनी जरा या

उतारकर
नमस्कार मंडळी. गाडी जुनी आहे, मागे ड्रम ब्रेक, मागच्या चाकांवर चालणारी, लांबडी स्टेशन वॅगन. हँडब्रेक दोन सीटच्या मधे, खाली एकच केबल आणि मग पोटाखाली तिच्या दोन केबली होऊन दोन चाकांना जातात. तपासणीत ब्रेकची पकड मोजणाऱ्या रोलरवर घातली तर हँडब्रेकला डावं चाक 140 किलो आणि उजवं 60 असं आलं, नापास. पायाचा ब्रेक दोन्हीकडे जवळजवळ सारखा आहे हे महत्त्वाचं. मेकॅनिकने खाली जाऊन नट आवळला, आता लिव्हर कमी खटक्यात वर येते पण डावं चाक चालवून आल्यावर चांगलंच गरम लागतं आणि उजवं गारच. तो म्हणतो अजून आवळू. मला काही हे पटत नाहीये. सुरुवात कुठून करायची? केबल बदलू की लायनर (ड्रमला घासणारं अस्तर) की दोन्ही?

मंदगती
गिअरमधे ठेवा आणि चाकामागे दगड लावा. हँडब्रेक ही अफवा आहे.

नट_बोल्ट
मेकॅनिक बरोबर सांगतोय. माझ्या गाडीला अस्संच होतं, उजवीकडचा नट दोन फेरे आवळला, डाव्याचा अर्धा सोडला, पाच मिनिटांत काम. लायनर बियनर काही बदलू नका उगाच.

गॅरेजवाली_ताई
थांबा थांबा. अजून आवळू नका, उलट आत्ता आवळलाय तो आधी सोडा.

केबल दुभागते तिथे एक आडवी पट्टी असते, तिला इक्वलायझर म्हणतात, काही जण कॉम्पेनसेटर म्हणतात. तिच्या मधोमध पुढची केबल ओढते आणि दोन टोकांना दोन चाकांच्या केबली. तराजूच्या दांडीसारखी ती मधल्या पिनेवर डुलते, त्यामुळे दोन्ही केबलींना ताण सारखाच मिळतो. म्हणजे मधला नट कितीही आवळला तरी डावं-उजवं यातला फरक त्याने मिटू शकतच नाही, दोन्हीकडचं सारखंच वाढतं. जे चाक आधीच नीट धरत होतं ते आता सुटल्यावरही घासत राहतं. तुमचं डावं गरम होतंय ते त्यामुळेच.

ताण सारखा असून पकड वेगळी असेल तर दोष पट्टीच्या पुढे आहे: एकतर केबल तिच्या नळीत अडकतेय, नाहीतर ड्रमच्या आत काहीतरी. किंवा पट्टीच गंजून जाम झालीये आणि डुलतच नाही, तेही जुन्या गाड्यांत भरपूर बघितलंय.

कुणाला तरी लिव्हर ओढायला बसवा आणि खालून पट्टी बघा. सरळ राहते की तिरकी होते, आणि कुठल्या बाजूचं टोक जास्त पुढे येतं, एवढं इथे सांगा. गाडी घोड्यांवर (पक्क्या स्टँडवर) ठेवून मगच खाली जा, नुसत्या जॅकवर नको. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे, कारण हँडब्रेक तर तुम्ही सोडणार आहात.

नट_बोल्ट
ताई पण माझं काम झालं ना नट आवळून? ते काय जादूने झालं का :)

गॅरेजवाली_ताई
नट_बोल्ट, तू स्वतःच लिहिलंयस की "उजवीकडचा नट" आणि "डाव्याचा". म्हणजे तुझ्या गाडीत दोन केबली थेट लिव्हरपाशी येतात आणि दोन नट आहेत. तुझ्याकडे ही डुलणारी पट्टीच नाही, तिथे बाजू वेगवेगळ्या लावाव्याच लागतात. उतारकरांची रचना वेगळी आहे. आणि तरीही माझं मत विचारशील तर तुझ्याही गाडीत ड्रम उघडून बघायला हवा होता. दोन फेरे फरक असाच पडत नाही, त्या बाजूचा शू (लायनर लावलेली कमान) ड्रमपासून लांब राहिलाय, ते तू केबलीने झाकलंस.

नट_बोल्ट
झाकलं तर झाकलं, पास झाली गाडी.

खिडकीतला_वाचक
धाग्यावर नजर ठेवून आहे. माझाही लिव्हर छताला लागायचा बाकी आहे.

शंकासुर
एक मूलभूत शंका. गाडी उभी राहते ना? मग डावं जास्त धरो की उजवं, एकूण बेरीज पुरेशी असली की झालं. दोन्ही सारखंच हवं हा हट्ट कशासाठी?

टोचन
शंकासुर, कोरड्या सपाट रस्त्यावर तुझं खरं आहे. पण धरणारं एक चाक नेमकं ओल्या पानांवर किंवा वाळूवर असलं तर? सगळी गाडी त्या एका टायरच्या घर्षणावर उभी आहे. आणि हँडब्रेक नुसता पार्किंगला नसतो, पायाचा ब्रेक गेला तर हाच उरतो. चालत्या गाडीत ओढलास आणि एकच मागचं चाक धरलं तर गाडी त्या बाजूला खेचते, रस्ता ओला असेल तर मागून फिरतेसुद्धा. रोलरवर दोन बाजूंचे आकडे वेगळे घेतात ते काही उगाच नाही. उतारकरांचं गणित केलंस तर 140 आणि 60 मधला फरक 80, मोठ्या आकड्याच्या 57 टक्के. हे फारच आहे.

अवांतर: संयुक्त राष्ट्रांच्या 13-एच नियमात कारच्या पार्किंग ब्रेकने पूर्ण भरलेली गाडी 20 टक्के चढावर आणि उतारावर धरून ठेवायला हवी असं आहे, आणि हातानं ओढायचा जोर 400 न्यूटनपेक्षा जास्त लागता कामा नये. 20 टक्के म्हणजे पाच मीटर पुढे गेलं की एक मीटर वर, साधारण 11 अंश. कागदावर किरकोळ वाटतं, गाडीतून उतरून मागे वळून बघितलं की पोटात गोळा येतो. जुन्या गाड्या त्या नियमाआधीच्या असतील, पण उतार काही गाडीचं वय विचारत नाही.

मंदगती
दगडही विचारत नाही.

उतारकर
ताई, बघितलं. भाचीला लिव्हरवर बसवलं. पट्टी डुलते, जाम नाहीये. पण ओढली की चांगलीच तिरकी होते, उजवीकडचं टोक पुढे पुढे येतं आणि शेवटी पट्टीची कड फ्लोअरच्या एका ब्रॅकेटला जाऊन टेकते. डावीकडचं टोक थोडंसंच हलतं.

केबलवाला
मिळालं की उत्तर! उजवीकडचं टोक जास्त येतंय म्हणजे उजव्या बाजूला ढिलाई जास्त आहे, तिकडचा शू ड्रमला टेकेपर्यंत केबलीला लांब जावं लागतंय. आणि तो टेकायच्या आतच पट्टी ब्रॅकेटला अडली, की पुढचा सगळा ओढा डाव्यालाच. ताई म्हणाल्या ताण सारखा मिळतो, ते पट्टी मोकळी डुलत असेपर्यंतच, अडली की हिशेब संपला.

उलट केबल नळीत अडकत असती तर उजवं टोक कमी हललं असतं. म्हणून केबल बदलायची घाई नको. पण ड्रम काढाल तेव्हा केबल तपासून घ्याच: चाकाकडचं टोक ड्रमच्या आतल्या छोट्या लिव्हरपासून सोडवा आणि हाताने मागेपुढे ओढा. मऊ सरकायला हवी आणि सोडली की अडखळायला नको. वरचं प्लास्टिक फाटलंय का बघा, पाणी तिथूनच शिरतं आणि नळी आतून गंजते. आतून नायलॉनचं अस्तर असलेल्या केबलींत तेल सोडत बसू नका, अडकत असेल तर सरळ बदला. दोन बाजूंच्या केबली बऱ्याच गाड्यांत लांबीला वेगळ्या असतात, मागवताना डावी-उजवी सांगा नाहीतर घरी आल्यावर डोक्याला हात.

अण्णा_लेथवाले
बरोबर चाललंय. आता ड्रम उतरवायचं सांगतो कारण निम्मी माणसं तिथेच हातोडा घेतात आणि ड्रमची कड उडवतात.

हँडब्रेक पूर्ण सोडा, केबलीचा नटही ढिला करा. मागच्या पत्र्याला म्हणजे बॅकप्लेटला एक रबरी बूच असतं, ते काढून आतला, शू आणि ड्रममधलं अंतर ठरवणारा अ‍ॅडजस्टर मागे फिरवा, शू आत जातील. हे न करता ओढाल तर ड्रमच्या आत झिजून जो काठ तयार झालेला असतो त्यात शू अडकतात, मग जोर लावला की शूच्या पिना वाकतात. बऱ्याच ड्रमना तोंडावर दोन आट्यांची भोकं असतात, बहुतेक 8 मिलिमीटरची, त्यात बोल्ट घालून दोन्ही आळीपाळीने थोडे थोडे आवळा, ड्रम आपोआप बाहेर येतो.

आतली काळी धूळ तोंडाने किंवा हवेच्या पाइपने उडवू नका. जुन्या लायनरमधे अॅस्बेस्टॉस असू शकतं. ब्रेक क्लीनरने किंवा ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडकं टाकून द्या.

आणि एका वेळी एकच बाजू खोला. दुसरी बाजू समोर जशीच्या तशी राहिली की कुठली स्प्रिंग कुठल्या भोकात हे बघायला सोय. फोटो काढाच पण फोटोत स्प्रिंगच्या मागची बाजू दिसत नाही.

चढउतार
प्रश्न जरा बाजूचा आहे. माझी गाडी तोंड वर करून चढावर लावली तर मागे सरकते, त्याच चढावर तोंड खाली करून लावली तर ठाम. हेही असमान ब्रेकमुळे का?

टोचन
नाही, हे ड्रमच्या स्वभावातच आहे. दोन शू असतात. चाक ज्या दिशेला फिरू बघतं त्या दिशेनुसार एक शू ड्रमबरोबर ओढला जाऊन आणखी घट्ट चिकटतो, तो पुढारी, आणि दुसऱ्याला ड्रम मागे लोटतो. दिशा बदलली की भूमिका बदलतात. त्यात हँडब्रेकचा आतला लिव्हर एका शूवर बसवलेला असतो आणि दोन शूंच्या मधल्या पट्टीने तो दुसऱ्याला ढकलतो, लायनरची झीजही दोन्ही शूंची सारखी नसते, म्हणून एका दिशेला पकड थोडी कमी लागू शकते. पण गाडी सरकण्याइतकी कमी म्हणजे मुळात अ‍ॅडजस्टमेंट गेलेली आहे. तूही ड्रम उघड.

जीपवाला
आमच्याकडे डावं-उजवं भांडणच नाही. जुन्या विलीज जीपला, तशाच लँड रोव्हर सिरीजला हँडब्रेकचा ड्रम चाकात नसतो, ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा) मागे प्रॉपेलर शाफ्टवर एकच असतो. तो शाफ्टच धरतो, म्हणजे दोन्ही चाकं डिफरन्शियलमधून (डाव्या-उजव्या चाकाला ताकद वाटणारे गिअर) धरली जातात. हा हा.

गॅरेजवाली_ताई
जीपवाले दादा, हसा पण त्याच्यातला धोकाही सांगा लोकांना. शाफ्ट धरलेला असताना एक मागचं चाक जॅकने उचललं की डिफरन्शियल ते हवेतलं चाक फिरू देतं, आणि जमिनीवरचं दुसरं चाक उलट दिशेने मोकळं होतं. हँडब्रेक पूर्ण ओढलेला आणि तरी गाडी जॅकवरून निघाली, असं होऊ शकतं. तुमच्या गाड्यांना ठोकळे सगळ्यात जास्त लागतात.

जीपवाला
मान्य. आणि ती गाडी चालू असताना ओढायचा नसतो हेही लिहितो, सगळा झटका शाफ्टला आणि जॉइंटला बसतो.

मंदगती
म्हणजे फिरून फिरून दगडच. मी पहिल्या प्रतिसादातच सांगितलं होतं.

शंकासुर
मंदगतींच्या दगडाला स्वतंत्र धागा द्या कुणीतरी.

उतारकर
उजवा ड्रम उघडला. लायनर जाड आहे, तेल नाही, व्हील सिलिंडरचं (पायाच्या ब्रेकच्या तेलाने शू ढकलणारा) रबर उचलून बघितलं, कोरडं. पण अ‍ॅडजस्टरचं चाक (दात्यांचं) हाताने फिरतच नाही, आटे गंजून धरलेत. त्याला ढकलणारी जी पातळ पट्टी असते तिचं टोकही झिजून गोल झालंय. आणि हँडब्रेकचा आतला लिव्हर शूवरच्या पिनेत जड हलतो. डावा ड्रमही मग उघडलाच, तिकडे सगळं मोकळं, फक्त आतला लिव्हर त्याच्या अटकावावर टेकलेला नव्हता, जरा पुढेच होता.

केबलवाला
तो डावीकडचा पुढे राहिलेला लिव्हर म्हणजे आवळलेल्या नटाची करणी. हँडब्रेक सुटलेला असताना आतला लिव्हर शूवरच्या अटकावाला पूर्ण टेकायलाच हवा. टेकला नाही तर शू आतून किंचित उघडे राहतात, ड्रम गरम होतो आणि आपोआप होणारी अ‍ॅडजस्टमेंटही बिघडते, कारण त्या यंत्रणेला शूची मोकळी ये-जा लागते.

उजवीकडची गोष्ट उलट. अ‍ॅडजस्टर जाम, लायनर थोडा थोडा झिजत गेला, शू लांबच राहिला. पायाच्या ब्रेकला कळलं नाही कारण तिथे तेल येऊन पिस्टन हवा तेवढा बाहेर जातो, फार तर पेडल जरा खाली गेलं असेल. केबलीला मात्र ठरावीकच अंतर मिळतं. पाय सारखा आणि हात असमान, याचं उत्तर नव्वद टक्के वेळा इथेच असतं असं माझं मत.

गॅरेजवाली_ताई
अगदी. आता क्रम चुकवू नका, सगळं क्रमात आहे.

केबल ढिलीच ठेवा. अ‍ॅडजस्टर पूर्ण उघडा, आटे तारेच्या ब्रशने साफ करा, उष्णता सोसणारं ग्रीस अगदी थोडं लावा. झिजलेली पट्टी बदलाच, ती कानशीने टोकदार करून चालवणारे आहेत पण महिन्याभरात परत तेच. डावा-उजवा अ‍ॅडजस्टर एकमेकांच्या जागी लावू नका, बऱ्याच गाड्यांत एका बाजूचे आटे उलटे असतात, अदलाबदल झाली की ब्रेक दाबाल तसा तो घट्ट व्हायच्या ऐवजी सैल होत जातो आणि माणूस वेडा होतो. बॅकप्लेटवर शू जिथे घासतात ते उंचवटे बघा, खड्डा पडला असेल तर शू तिथे अडकतो. त्यावरही ग्रीसचा नुसता स्पर्श, लायनरला बोटही लागू देऊ नका.

मग ड्रम बसवून दोन्ही बाजूंना अ‍ॅडजस्टर गाडीचं चाक हलेनासं होईपर्यंत आवळायचा, पेडल दोन-तीनदा दाबायचं म्हणजे शू मधोमध बसतात, आणि चाक हलकं घासत मोकळं फिरेपर्यंत परत सोडायचा. हे दोन्हीकडे झाल्यावरच, सगळ्यात शेवटी, केबलीचा नट. एक एक खटका ओढा आणि दोन्ही चाकं हाताने फिरवून बघा. पहिल्या-दुसऱ्या खटक्याला दोन्हीकडे घासणं सुरू व्हायला हवं. पूर्ण किती खटक्यांत धरायला हवं ते गाडीच्या पुस्तकात असतं, पुष्कळ गाड्यांत पाच ते आठच्या आसपास. लिव्हर पूर्ण खाली असताना दोन्हीकडे काहीही अडता कामा नये.

तुमची मागच्या चाकांवर चालणारी आहे म्हणून एक: एक चाक फिरवलं की दुसरं उलटं फिरेल, घाबरू नका. दुसरं कुणाला तरी धरायला सांगा आणि एकेका चाकाचा अंदाज घ्या.

अण्णा_लेथवाले
ड्रमवर कमाल व्यास कोरलेला असतो, उघडलाच आहे तर मोजून घ्या, चार ठिकाणी. एकीकडे जास्त आणि एकीकडे कमी आला तर ड्रम अंडाकृती झालाय, पेडलमधे धडधड येते ती त्याचीच. कमाल मापाच्या आत असेल तर लेथवर साफ होतो, बाहेर गेला तर भंगार. आणि ड्रम घासायचा तर दोन्ही बाजूंचे घासा, एकच घासलात की परत दोन चाकांची पकड वेगळी आणि परत इथेच धागा.

नट_बोल्ट
आज माझाही उजवा ड्रम काढला, आपलं सहज म्हणून. लायनर ओला. काळा चिकट आणि वास भयंकर.

गॅरेजवाली_ताई
सडक्या अंड्यासारखा वास असेल तर डिफरन्शियलचं तेल, अ‍ॅक्सलचं सील गेलंय. पातळ असेल आणि पाण्याने धुतलं जात असेल तर ब्रेकचं तेल, मग व्हील सिलिंडर. काहीही असो, आधी गळती बंद आणि मग लायनर दोन्ही बाजूंचे नवे. पेट्रोलने धुऊन, जाळून, पॉलिश पेपर मारून परत वापरायचा प्रकार करू नकोस, लायनरमधे मुरलेलं तेल गरम झाल्यावर परत वर येतं.

नट_बोल्ट
अंडंच. पास झाली होती हो गाडी :(

खिडकीतला_वाचक
ताई तुमच्या त्या "झाकलंस" ला माझा सलाम.

उतारकर
झालं. उजवीकडची पट्टी आणि स्प्रिंगचा संच नवा घातला, आतल्या लिव्हरची पिन काढून साफ केली, ताईंच्या क्रमाने सगळं लावलं. इक्वलायझर आता ओढल्यावर जवळजवळ सरळ राहतो, ब्रॅकेटपासून बराच लांब. सहाव्या खटक्याला दोन्ही चाकं बंद. रोलरवर डावं 145, उजवं 120. पास झाली. पण हा 25 किलोचा फरक उरलाय तो का, की अजून काही राहिलंय?

टोचन
17 टक्के, छान आहे की. उजवीकडचा लायनर इतके दिवस हँडब्रेकला नीट टेकलाच नव्हता, त्याला ड्रमच्या गोलाईत बसायला वेळ लागेल. मी अशा वेळी मोकळ्या रस्त्यावर, मागे कुणी नसताना, सावकाश चालत हँडब्रेक दोन-तीन खटके ओढून थोडं अंतर जातो, खटक्याचं बटण दाबूनच धरायचं म्हणजे अडकत नाही.

गॅरेजवाली_ताई
मला हा प्रकार फारसा आवडत नाही, लोक जास्त वेळ ओढून ठेवतात आणि लायनर काचेसारखा गुळगुळीत करून बसतात. काही उत्पादकांच्या पुस्तकात ही कृती दिलेली असते, तिथे त्यांनी दिलेल्या वेगाने आणि अंतरानेच करावी. नसेल दिलेली तर रोजच्या ब्रेकनेच बसू दे. थोडे दिवस चालवा, मग फक्त अ‍ॅडजस्टर परत बघा. केबलीचा नट अजिबात नाही.

टोचन
बटण दाबून आणि थोडंच अंतर म्हटलंय ताई. पण ठीक, पुस्तक पहिलं.

चढउतार
गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवायचा का? माझा मागे पावसात चिकटून बसला होता.

केबलवाला
नको. ओला ड्रम आणि शू एकमेकांना गंजाने धरतात. धुतल्यावर किंवा पाण्यातून आल्यावर जरा चालवून ब्रेक मारून ड्रम सुकवा आणि मग लावा. बरेच दिवस उभी ठेवायची तर सपाट जागा, गिअर, चाकांना ठोकळे आणि हँडब्रेक सोडलेला.

मंदगती
मी काही बोलत नाही.

उतारकर
एक बारीक राहिलं. नट सोडल्यापासून लिव्हर पूर्ण खाली असूनही डॅशबोर्डवरचा ब्रेकचा लाल दिवा मधेच लुकलुकतो, खड्ड्यात जास्त.

गॅरेजवाली_ताई
आधी ब्रेक तेलाची डबी बघा. शू बाहेर-आत केलेत, पातळी खाली असेल तर खड्ड्यात तरंगता हलतो आणि तोच दिवा लागतो. पातळी बरोबर असेल तर लिव्हरच्या बुडाशी स्विच आहे, लिव्हर आता आधीपेक्षा वेगळ्या जागी विसावतेय म्हणून तो पूर्ण दाबला जात नसेल. त्याचा स्क्रू ढिला करून जरा पुढे सरकवा.

उतारकर
पातळी बरोबर होती. स्विच सरकवला, दिवा बंद.